महिना १७५ रुपयांची पोटगी आणि अडलेला घटस्फोट

पतीचे दुसऱ्या स्त्रीशी संबंध होते. पत्नीने त्या कारणावरून कोर्टात धाव घेतली, पण घटस्फोट मागितला नाही. तिने न्यायिक विभक्तता मागितली. म्हणजे लग्न कायम, पण एकत्र राहण्याचं बंधन नाही. ६ जानेवारी १९८१ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने हुकूमनामा दिला आणि त्यासोबत पोटगी ठरवली: पत्नीला दरमहा १०० रुपये, मुलीला ७५.

ही पोटगी पतीने दिलीच नाही. आणि १३ सप्टेंबर १९८३ रोजी तोच पती घटस्फोटाचा अर्ज घेऊन कोर्टात आला. त्याचं म्हणणं कायद्याच्या भाषेत अगदी सरळ होतं. विभक्ततेचा हुकूमनामा होऊन एक वर्षाहून अधिक काळ लोटला आहे, मधल्या काळात आम्ही एकत्र आलेलो नाही, तेव्हा हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३(१-अ) प्रमाणे मला घटस्फोट मिळाला पाहिजे.

पत्नीने विरोध केला. ज्याने कोर्टाचा हुकूम पाळला नाही, बायकोमुलीला पैसे दिले नाहीत, त्याला त्याच हुकूमनाम्याच्या आधाराने मोकळं होता येणार नाही, असं तिचं म्हणणं होतं. १० एप्रिल १९९५ रोजी उच्च न्यायालयाने तिचं म्हणणं मान्य केलं. पती सर्वोच्च न्यायालयात गेला. २० मार्च २००१ रोजी न्या. डी. पी. महापात्र आणि न्या. दोराईस्वामी राजू यांच्या पीठाने त्याचं अपील फेटाळलं.

निकाल छापील आहे आणि वकिलांच्या तोंडी तो पक्षकारांच्या नावानेच असतो. पण ही माणसं खासगी आहेत, त्यांच्या संसाराची आधीच पुरेशी चर्चा झाली आहे, म्हणून इथे फक्त पती आणि पत्नी.

दार दोघांनाही उघडं, पण कधीपासून?

हा वाद समजायला १९५५ पासून सुरुवात करावी लागते. हिंदू विवाह कायदा त्या वर्षी आला तेव्हा छळ किंवा सोडून जाणं या कारणांवर थेट घटस्फोट मिळत नसे, फक्त न्यायिक विभक्तता मिळे. ती मिळाल्यावर दोन वर्षं एकत्र नांदणं झालं नाही तर घटस्फोट मागता येई, पण तोही ज्याच्या बाजूने हुकूमनामा झाला त्यालाच. ज्याच्या विरुद्ध हुकूमनामा झाला त्याच्या हाती काही नव्हतं.

याचा परिणाम उघड होता. ज्याच्या हाती हुकूमनामा, त्याने पुढचं पाऊल टाकलं नाही तर लग्न तसंच लटकून राही. १९६४ साली संसदेने दुरुस्ती करून कलम १३(१-अ) घातलं आणि ‘दोघांपैकी कोणीही’ घटस्फोट मागू शकेल असं ठरवलं. नांदायला येण्याचा हुकूमनामा, म्हणजे दाम्पत्य हक्कांच्या पुनःस्थापनेचा हुकूमनामा, पाळला गेला नसेल तर त्यालाही हाच नियम लागू झाला. १९७६ च्या दुरुस्तीने दोन वर्षांचं एक वर्ष केलं, आणि छळ व परित्याग यांना घटस्फोटाच्या थेट कारणांत आणलं.

आता अडचण पाहा. १९६४ नंतर दोषी जोडीदारालाही घटस्फोट मागता येऊ लागला, पण कलम २३(१)(अ) जिथल्या तिथे राहिलं. ते सांगतं की अर्जदार ‘स्वतःच्या गैरकृत्याचा किंवा असमर्थतेचा’ फायदा घेत नाही अशी कोर्टाची खात्री पटली पाहिजे. वेडसरपणासारख्या काही कारणांवर मागितलेल्या दिलाशालाच त्यातून सूट आहे. म्हणजे एक कलम दोषी माणसाला आत घेतं आणि दुसरं कलम त्याला दोषी म्हणून दारातच थांबवतं.

हे कोडं सोडवताना एक गोष्ट मला निर्विवाद वाटते. हुकूमनाम्याआधीचा दोष कलम २३ साठी मोजता येणार नाही. ज्याच्या विरुद्ध विभक्ततेचा हुकूमनामा झाला, तो व्याख्येनेच दोषी असतो, त्याशिवाय हुकूमनामा झालाच नसता. तोच दोष पुन्हा आडवा आणला तर ‘दोघांपैकी कोणीही’ हे १९६४ चे शब्द निरर्थक होतात. संसदेने ते उगाच घातले असं कोणतंही कोर्ट मानणार नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो हुकूमनाम्यानंतरच्या वागण्याचा.

नुसतं नको म्हणणं

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९७७ मध्ये आला होता, पण पात्रं उलटी होती. त्यात पत्नीनेच नांदण्याचा हुकूमनामा ऑगस्ट १९७३ मध्ये मिळवला होता आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये तिनेच घटस्फोट मागितला. पतीची तक्रार अशी, की मी तिला पत्रं पाठवली, बोलावलं, तिने काही पत्रं घेतली नाहीत, काहींना उत्तर दिलं नाही. तिनेच एकत्र येणं टाळलं, आता तिलाच त्याचा फायदा कसा द्यायचा?

न्यायालयाने पतीचं ऐकलं नाही. एकत्र येण्याच्या बोलावण्याला नकार देणं, तेवढ्याने ‘गैरकृत्य’ होत नाही. दिलासा नाकारण्याइतकं गंभीर गैरवर्तन असलं पाहिजे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९७१ मध्ये साधारण हीच वाट दाखवली होती. हे योग्यच होतं. नाहीतर प्रत्येक घटस्फोटाच्या दाव्यात ‘मी बोलावलं होतं, ती आली नाही’ एवढं सांगून समोरच्याला कायमचं बांधून ठेवता आलं असतं.

१९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा घटस्फोट मिळू दिला, या वेळी पतीला. तिथे नांदण्याचा हुकूमनामा पत्नीने पतीच्या संमतीने मिळवला होता, आणि वर्ष उलटल्यावर पतीने त्याच हुकूमनाम्यावर घटस्फोट मागितला. संमती देतानाच त्याच्या मनात हे होतं, असा पत्नीचा आरोप होता. न्यायालयाने पत्नी आणि मुलीच्या पोटगीची व्यवस्था केली, पण घटस्फोट उलटवला नाही. दांपत्य हक्कांचं कलम ९ घटनेला धरून आहे हेही त्याच निकालात ठरलं.

दुसरी बाजूही होती. १९९८ च्या एका निकालात पतीने पत्नीविरुद्ध नांदायला येण्याचा हुकूमनामा मिळवला. त्याप्रमाणे ती नांदायला यायला निघाली, तेव्हा त्यानेच तिला घरात घेतलं नाही, आणि मग ‘हुकूमनामा पाळला गेला नाही’ म्हणून घटस्फोट मागितला. हे न चालणारं होतं आणि चाललं नाही. हुकूमनामा न पाळला जाण्याचं कारणच अर्जदार स्वतः होता.

आपल्या प्रकरणातला पती या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतो?

२००१ मध्ये काय ठरलं

पतीच्या बाजूचा मुख्य मुद्दा असा होता की वर्ष उलटलं की घटस्फोटाचा हक्क तयार होतो, आणि मग वागणुकीची चौकशी कशाला? न्यायालयाने हे साफ नाकारलं. कलम १३(१-अ) फक्त अर्ज करण्याची परवानगी देतं. कलम २३ ‘या कायद्याखालील कोणत्याही कार्यवाहीत’ लागू होतं, तेव्हा ते इथेही लागू आहे. दोन्ही कलमं एकत्र वाचायची.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. विभक्ततेच्या हुकूमनाम्याने लग्न संपत नाही. एकत्र राहण्याचं बंधन थांबतं, पण पती पतीच राहतो, पत्नी पत्नीच. कलम १०(२) प्रमाणे परिस्थिती बदलली तर कोर्ट तो हुकूमनामा रद्दही करू शकतं. म्हणजे कायद्याने समेटाला जागा ठेवली आहे. त्या काळात पतीकडून अपेक्षा काय? निदान पत्नीमुलीच्या पोटापाण्याची जबाबदारी त्याने पार पाडावी. ती टाळणं हे न्यायालयाच्या मते कलम २३ मधलं गैरकृत्य ठरतं.

तिसरा मुद्दा दुसऱ्या स्त्रीबरोबर राहण्याचा. हुकूमनाम्यानंतरही पती तिच्यासोबत राहत होता. न्यायालयाने म्हटलं, हा चालू राहणारा वैवाहिक अपराध आहे, हुकूमनामा झाला म्हणून तो थांबत नाही आणि पुसलाही जात नाही. मद्रास उच्च न्यायालयाने १९८० मध्ये अशाच परिस्थितीत पतीला घटस्फोट नाकारला होता, आणि सर्वोच्च न्यायालय त्याच दिशेने गेलं. १९७७ चा निकाल त्याने खोडला नाही. तिथलं वागणं नुसतं नको म्हणण्याचं होतं, इथलं त्याहून कितीतरी पुढचं आहे, आणि प्रत्येक प्रकरण त्याच्या वस्तुस्थितीवर तपासायचं, अशी जोडणी केली.

पैशाचा मुद्दा पक्का, दुसरा कमी पक्का

माझं मत स्पष्ट सांगतो. पोटगीवरून घटस्फोट अडवणं हा निकालाचा भक्कम भाग आहे. १९८१ च्या जानेवारीपासून १९८३ च्या सप्टेंबरमध्ये अर्ज करेपर्यंत ३२ महिने होतात. दरमहा १७५ प्रमाणे ५,६०० रुपये. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत २४२ महिने, म्हणजे व्याज न धरता ४२,३५० रुपये. त्या रकमेसाठी एक बाई आणि तिची मुलगी तालुक्यापासून दिल्लीपर्यंतच्या कोर्टांची वाट पाहत राहिल्या. कलम २१-ब म्हणतं की असा खटला सहा महिन्यांत आणि अपील तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. इथे अर्जापासून अखेरच्या निकालापर्यंत साडेसतरा वर्षं गेली, आणि कोणत्याही टप्प्यावर पैसे भरून पती आपला दोष दूर करू शकला असता.

हेच या अडथळ्याचं बलस्थान आहे. पोटगी थकवणं हे असं गैरवर्तन आहे, जे अर्जदाराच्या स्वतःच्या हातात असतं. थकबाकी भरा, दरमहा देत राहा, आणि मग या. कोर्ट त्याला कायमचं बांधत नाही, पाळण्यासारखी एक अट घालतं. कोणी म्हणेल, पत्नीने वसुलीची दरखास्त दाखल करायची, घटस्फोट कशाला अडवायचा? कलम २८-अ प्रमाणे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करता येते हे खरं. पण ज्या बाईकडे वकिलाची फी नाही, तिला प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी वेगळी दरखास्त, नोटीस, पत्ता बदलला, समन्स परत आलं, या चक्रात ढकलायचं आणि पतीला मात्र तेवढ्यात सोडचिठ्ठी द्यायची, हे मला पटत नाही.

दुसऱ्या स्त्रीबरोबर राहण्याचा मुद्दा वेगळा आहे. तर्काने न्यायालय बरोबर आहे: लग्न जिवंत असेल तर एकनिष्ठेचं बंधनही जिवंत असतं, कलम १०(२) फक्त सोबत राहण्यापुरतं मोकळं करतं. पण परिणाम पाहा. ज्याच्या व्यभिचारावरून विभक्तता मिळाली, तो बहुतेक वेळा त्याच स्त्रीबरोबर पुढे राहतोच. म्हणजे १९६४ ची दुरुस्ती या सगळ्या वर्गाला जवळजवळ बंद होते. त्याने ते घर सोडलं तर घटस्फोट मिळेल, पण ते घर सोडायचंच नसल्यामुळे तर त्याला घटस्फोट हवा असतो. मधल्या मध्ये ती दुसरी स्त्री कायद्याने कोणीच नसते. पहिलं लग्न कायम असताना तिच्याशी लग्न लावलं तर ते कलम ११ प्रमाणे शून्य, शिवाय द्विभार्येचा गुन्हा. व्यभिचाराचा फौजदारी गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द केला, पण घटस्फोटाचं कारण म्हणून तो दिवाणी कायद्यात आहेच, आणि २००१ चं हे तत्त्वही त्यामुळे हललेलं नाही. मला वाटतं, या प्रकरणात पोटगीचा मुद्दा एकटाच पुरेसा होता, आणि निकाल त्यावर थांबला असता तर अधिक बरं झालं असतं.

तिला घटस्फोट का नको होता

पत्नीला तरी असल्या लग्नातून काय मिळणार होतं, असं वाटू शकतं. उत्तर हिंदू उत्तराधिकार कायद्यात आहे. विभक्ततेचा हुकूमनामा असलेली पत्नी पतीच्या मृत्यूनंतर त्याची विधवा ठरते, पहिल्या वर्गाची वारस म्हणून मुलांच्या बरोबरीने हिस्सा मागू शकते. पती नोकरीत असेल तर कुटुंब निवृत्तिवेतनावर तिचा हक्क उभा राहतो. घटस्फोट झाला की हे सारं गेलं, उरते ती फक्त कोर्टाने ठरवलेली पोटगी, जी इथे मिळतच नव्हती. लग्न टिकवण्याची तिची जिद्द भावनेची असो वा नसो, हिशोबानेही ती शहाणपणाची होती.

महाराष्ट्राला ही बाई अनोळखी नाही. १९८० च्या दशकात परित्यक्ता स्त्रियांच्या परिषदा आपल्याकडे झाल्या, त्यामागे असंच वास्तव होतं: नवऱ्याने टाकलेली, ना नांदवलेली ना सोडलेली, हातात कसलाच कागद नसलेली बाई. या प्रकरणातल्या पत्नीच्या हातात निदान हुकूमनामा होता, म्हणून ती टिकली. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम १८ वेगळं राहूनही पोटगी मागू देतं, पतीने अन्यत्र दुसरी बाई ठेवली असेल तरीसुद्धा. असा एकही कागद नसेल तर कलम २३ चा अडथळा उभा करायलाच फार थोडं हातात उरतं.

गोव्याचं चित्र मात्र वेगळं. तिथे हिंदू विवाह कायदा लागू नाही, पोर्तुगीज काळातला ३ नोव्हेंबर १९१० चा घटस्फोटाचा कायदा चालतो. त्यातल्या कारणांत सलग दहा वर्षं स्वेच्छेने वेगळं राहणं हेही एक आहे, वेगळं राहण्याचं कारण काहीही असो. तिथे कायदा दोषाकडे न पाहता वर्षं मोजतो. पण ती वर्षं दहा, आणि वेगळं राहणं दोघांच्या मर्जीचं असावं लागतं. बायकोला टाकून दिलेल्याला तोही रस्ता सहज मिळत नाही.

आज हाच पती आला तर

२००१ चा निकाल अजून कायदा आहे, पण आजूबाजूला बरंच बदललं. दोघांची संमती असेल तर कलम १३-ब चा रस्ता आहे. तिथे वर्षभर वेगळं राहिलं की पुरतं, गैरवर्तनाची झडती होत नाही, फक्त संमती जबरदस्तीने किंवा फसवून घेतलेली नाही हे कोर्ट पाहतं. सहा महिन्यांची प्रतीक्षाही योग्य प्रकरणात माफ होऊ शकते असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये सांगितलं. अडचण येते ती एकाला हवा आणि दुसऱ्याला नको तेव्हा.

त्यासाठी ‘विवाह सावरता न येण्याइतका मोडला’ हे स्वतंत्र कारण कायद्यात आणावं अशी शिफारस विधी आयोगाने १९७८ च्या ७१ व्या आणि २००९ च्या २१७ व्या अहवालात केली. २०१० च्या विधेयकात तीन वर्षं वेगळं राहण्याची अट होती, आणि घटस्फोटाने गंभीर आर्थिक हाल होतील या कारणावर पत्नीला विरोध करता येण्याची तरतूदही होती. राज्यसभेने ते २०१३ मध्ये मंजूर केलं, लोकसभेत ते मंजूर झालं नाही आणि लोकसभेची मुदत संपताच बारगळलं. पत्नीच्या आर्थिक हालांची ती तरतूद मला फार मोलाची वाटते. २००१ च्या निकालाने कलम २३ मधून ओढूनताणून जे साधलं, ते तिने उघडपणे साधलं असतं.

१ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं, की राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली ते स्वतः मोडलेलं लग्न विसर्जित करू शकतं, एकाचा विरोध असला तरी. सहा वर्षं किंवा अधिक वेगळं राहणं हा त्यात एक महत्त्वाचा निकष. पण हा कोणाचा हक्क नाही, न्यायालयाचा विवेकाधिकार आहे, आणि तो कुटुंब न्यायालयाला किंवा उच्च न्यायालयाला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका वृद्ध जोडप्याच्या प्रकरणात दशकानुदशकं वेगळं राहूनही सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोट नाकारला. ८२ वर्षांच्या पत्नीला ‘घटस्फोटित’ म्हणवून मरायचं नव्हतं, आणि न्यायालयाने तिच्या भावनेचा मान ठेवला.

कुटुंब न्यायालयात मात्र आजही कलम १३(१-अ) आणि २३ हेच समोर असतात. पत्नीच्या बाजूने उभं राहणाऱ्याने हुकूमनाम्याआधीचा छळ पुन्हा उगाळण्यात पानं घालवू नयेत, त्याचं काम हुकूमनाम्याबरोबर संपलं. हुकूमनाम्याच्या तारखेपासूनचा हिशोब मांडावा: कोणत्या महिन्याची पोटगी आली, कोणत्या महिन्याची नाही, बँकेचं पासबुक, मनीऑर्डरच्या पावत्या, दरखास्तीचा क्रमांक, मुलांच्या शाळेची फी कोणी भरली. नोव्हेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पोटगीच्या प्रत्येक कामात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यावं लागतं, तेही सोबत जोडावं. पतीची ऐपत होती आणि तरीही त्याने दिलं नाही, हे दिसलं की ‘गंभीर गैरवर्तन’ शब्दांत रंगवावं लागत नाही. उलट, पतीची नोकरी खरोखरच गेली असेल, तो आजारी असेल, तर थकबाकी हे गैरकृत्य ठरू नये, आणि उलटतपासणीत ते बाहेर आलं तर कोर्टाने त्याला ऐकून घ्यावं.

आणि पत्नी हजरच राहिली नाही तर? कलम २३ ची सुरुवात सांगते की खात्री करून घेण्याचं हे काम कोर्टाचं आहे, ‘बचाव केलेला असो वा नसो’. खेड्यातून तारखेला येण्याचं भाडं नसलेल्या बाईविरुद्ध एकतर्फी अर्ज सुनावणीला येतो, तेव्हा पोटगीचा हुकूम होता का आणि तो पाळला का, हा प्रश्न न्यायाधीशाने अर्जदाराला स्वतः विचारायचा असतो, आणि उत्तर रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, लिहायचं असतं.